केमोनंतर काउंट, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आकडा, उतरलाय. मग दही, ताक आणि ‘चांगल्या जंतूंची पुडी’ कधी?

“मॅडम, त्या पोटाच्या चांगल्या जंतूंच्या पुड्या द्या दहा. आईची केमो चालू आहे, काउंट उतरलाय.”

सोलापुरात माझं औषधांचं दुकान आहे आणि हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी कानावर येतं. मागणारा मुलगा असतो नाहीतर सून, काखेत जाडजूड फाईल आणि डोळ्यांत अपुरी झोप. मी आधी पुडी काढत नाही. फाईल मागते आणि विचारते, “केमो होऊन किती दिवस झाले? हातात सुई कायमची बसवलीय का?”

हे प्रश्न मी आधी विचारत नव्हते. माझ्या मोठ्या जाऊबाईंना स्तनाचा कॅन्सर निघाला. दर एकवीस दिवसांनी केमो, त्यात ते लालभडक औषध आणि सोबत सायक्लोफॉस्फामाइड. दुसऱ्या केमोनंतर आठव्या दिवशी त्यांना जुलाब लागले. घरचीच दुकानदार, मी लगेच चांगल्या जंतूंचीच एक, यीस्टची पुडी घेऊन गेले. जाऊबाईंच्या दंडात पिक लाईन, म्हणजे औषधं द्यायला शिरेत बसवलेली लांब नळी होती. वर पंखा चालू होता. मी पुडी फाडली तशी पांढरट भुकटी उडाली, थोडी चादरीवर बसली, थोडी माझ्या बोटांना लागली. लाईनवरची पट्टी एका कोपऱ्याला सुटली होती, ती दाबायला मी तीच बोटं पुढे केली. ड्रेसिंगला आलेल्या सिस्टरनी माझं मनगट धरलं. म्हणाल्या, “ताई, आधी हात धुवा. आणि ही पुडी या खोलीत परत फोडू नका.” त्या दिवशी जाऊबाईंच्या न्यूट्रोफिलचा, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा, आकडा ३८० होता, फारच कमी. त्यांना काही झालं नाही, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. इतकी वर्षं मी ती पुडी हजारोंना दिली होती आणि ती कुणाला देऊ नये हे माझ्या डोक्यात पक्कं नव्हतं.

त्यानंतर जे वाचलं, डॉक्टरांना विचारलं आणि घरात पाळलं ते इथे क्रमाने लिहिते. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येईल: आतड्यातले जंतू प्रतिकारशक्तीला मदत करतात हे खरं आहे, पण जिवंत जंतू बाहेरून पोटात घालायची वेळ काउंट ठरवतो, आपली घाई नाही. आणि यातला कुठलाही निर्णय तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. मी औषधं देते, उपचार ठरवत नाही.

पहिली पायरी: रिपोर्टमधला खरा आकडा काढा

सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीचा कागद हातात आला की बहुतेक घरांत एकूण पांढऱ्या पेशींकडे बघतात. चार हजार दिसले की सगळे खूश. पण जंतूंशी पहिल्या फळीत लढणाऱ्या पेशी म्हणजे न्यूट्रोफिल, आणि त्या किती आहेत ते वेगळं काढावं लागतं. एकूण पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिलचा टक्का, भागिले शंभर. रिपोर्टमध्ये बँड पेशी, म्हणजे अजून पूर्ण न वाढलेले न्यूट्रोफिल, वेगळ्या दिल्या असतील तर त्यांचा टक्का यात मिळवायचा. उत्तराला डॉक्टर एएनसी म्हणतात.

उदाहरण घ्या. एकूण पेशी ४,०००, न्यूट्रोफिल २० टक्के. एएनसी आला ८००. दुसऱ्या कागदावर एकूण पेशी २,६००, न्यूट्रोफिल ६० टक्के. एएनसी १,५६०. पहिला कागद दिसायला बरा, पण जास्त जपायचं ते पहिल्या पेशंटला. काही लॅब एकूण पेशी ४.० असं लिहून खाली हजाराचं एकक देतात, तिथे ४,००० धरायचे.

एएनसी १,५०० च्या वर असेल तर साधारण ठीक. १,००० च्या खाली गेला की सांभाळायचं, ५०० च्या खाली म्हणजे धोक्याची वेळ. १०० च्या खाली तर शरीराकडे जंतू अडवायला जवळजवळ कुणीच उरलेलं नसतं.

आता कॅलेंडर घ्या. केमोचा दिवस म्हणजे पहिला दिवस. बऱ्याच औषधांत काउंट सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान तळाला जातो आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत वर येतो. म्हणूनच पुष्कळ केमो एकवीस दिवसांनी असतात. औषधागणिक हे दिवस बदलतात, तेव्हा “आमचा काउंट कोणत्या दिवसांत सगळ्यात खाली जाईल?” हे डॉक्टरांना विचारा आणि ते दिवस लाल पेनने रंगवून ठेवा. आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर प्रत्येक महिन्यात असा लाल पट्टा होता. त्या पट्ट्यात घरातल्या कुणाला सर्दी झाली तर त्याने जाऊबाईंच्या खोलीत जायचं नाही, हे सासूबाईंनीही पाळलं.

दुसरी पायरी: पोटात नेमकं काय बिघडलंय ते समजून घ्या

हा भाग नुसता वाचून सोडू नका, पुढचे सगळे नियम यातूनच येतात.

केमोची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर वार करतात. कॅन्सरच्या पेशी तशा असतात, पण हाडांतला मगजही तसाच असतो आणि आतड्याचं अस्तरही. ते अस्तर एरवी तीन ते पाच दिवसांत नवं होतं. केमोनंतर जुनं झडतं आणि नवं वेळेवर येत नाही. तोंड येणं, घशाशी जळजळ, जुलाब या सगळ्याचं मूळ इथे आहे. आतड्यात अब्जावधी जंतू राहतात, आणि एरवी ते त्या भिंतीच्या पलीकडे असतात म्हणूनच आपले सोबती असतात. भिंतीला भेगा पडल्या आणि रक्तात न्यूट्रोफिल नाहीत, अशा वेळी तेच सोबती रक्तात शिरले तर जिवावर बेतू शकतं. म्हणजे ज्या आठ-दहा दिवसांत काउंट तळाला असतो, साधारण त्याच दिवसांत भिंतही कच्ची असते.

मग प्रोबायोटिकची, म्हणजे चांगले जिवंत जंतू पोटात घेण्याची कल्पना मुळात आली कुठून? १९०८ सालचं वैद्यकाचं नोबेल दोघांना मिळून दिलं गेलं. एक एली मेचनिकॉफ. त्यांनी १८८२ साली इटलीत मेसिनाला असताना तारामाशाच्या पिल्लाच्या पारदर्शक अंगात गुलाबाचा काटा टोचून पाहिला आणि काट्याभोवती भटक्या पेशी गोळा झालेल्या बघितल्या. जंतू गिळणाऱ्या पेशींची, म्हणजे आपण वर ज्यांचा हिशेब केला त्या न्यूट्रोफिलसारख्या पेशींची ओळख जगाला त्यांच्यामुळे पटली. पुढे त्यांनीच आंबट दह्यातले जंतू आरोग्याला चांगले असं ठासून मांडलं. दुसरे पाउल एर्लिश, ‘केमोथेरपी’ हा शब्द त्यांचा. तेव्हा तो शब्द जंतूंवरच्या रासायनिक औषधांसाठी होता, कॅन्सरशी तो नंतर जोडला गेला. न्यूट्रोफिल, दही आणि केमो या आपल्या तिन्ही गोष्टी त्या एका वर्षाच्या बक्षिसात एकत्र आल्या होत्या, हे कळलं तेव्हा मला फार नवल वाटलं.

अलीकडचं सांगायचं तर अर्जेंटिनातल्या तुकुमान शहरातल्या संशोधकांनी उंदरांना सायक्लोफॉस्फामाइड देऊन त्यांचा काउंट पाडला आणि काही विशिष्ट लॅक्टोबॅसिलस चारून पाहिले. त्या उंदरांचा मगज लवकर सावरला. हे काम चांगलं आहे. पण उंदीर प्रयोगशाळेतला, जंतूचा वाण निवडलेला, उंदराच्या दंडात पिक लाईन नाही. हाच निकाल आपल्या घरातल्या माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. माणसांबाबतचा एक महत्त्वाचा अभ्यास २०२० साली न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमधून आला. बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेल्या पेशंटच्या आतड्यात कोणते जंतू आहेत आणि त्यांच्या पांढऱ्या पेशी रोज कशा वरखाली होतात, हे त्यांनी ताडून पाहिलं. काही जातींचे जंतू जास्त असले की पेशी लवकर वाढत होत्या. त्या जाती फिकॅलिबॅक्टेरियम, रुमिनोकॉकस, अकरमॅन्सिया. यातली एकही नेहमीच्या पुडीत किंवा दह्यात नसते. तंतू म्हणजे चोथा असलेल्या अन्नावर त्यांतल्या बऱ्याच वाढतात. या मुद्द्याकडे खाण्याच्या पायरीत परत येऊ.

तिसरी पायरी: कुणी जिवंत जंतूंना हात लावायचा नाही

खालच्यापैकी एक जरी लागू असेल तर पुडी, कॅप्सूल, काचेच्या किंवा प्लास्टिकच्या कुपीतलं जंतूंचं पाणी, यातलं काहीही स्वतःहून घेऊ नका. डॉक्टरांनीच लिहून दिलं असेल तरी “माझा एएनसी इतका आहे, लाईन आहे, तरी चालेल ना?” एवढं एकदा विचारा. जुलाबाची चिठ्ठी कधी कधी गावातल्या दुसऱ्याच डॉक्टरांनी लिहिलेली असते आणि त्यांच्या हातात तुमची फाईल नसते.

एएनसी १,००० च्या खाली असेल. छातीत पोर्ट (कातडीखाली बसवलेली औषधाची डबी) किंवा दंडात पिक लाईन असेल. तोंड खूप आलं असेल किंवा शौचातून रक्त जात असेल. रक्ताचा कॅन्सर असेल किंवा ट्रान्सप्लांट झाला असेल. पेशंट आयसीयूत असेल. हृदयाची झडप कृत्रिम असेल. मोठ्या डोसची स्टिरॉइडं चालू असतील.

यीस्टच्या पुडीबद्दल वेगळं लिहिते, कारण ती आपल्याकडे पेढ्यासारखी वाटली जाते. पाकिटावर सॅकरोमायसिस बोलार्डी लिहिलेलं असतं. तो बॅक्टेरिया नाही, बुरशीच्या कुळातला आहे. लाईन असलेल्या आजारी पेशंटांच्या रक्तात ही बुरशी सापडल्याच्या नोंदी अनेक देशांतून आल्या. म्हणून २०१७-१८ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने अतिगंभीर आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्या पेशंटना ती देऊच नये असं स्पष्ट केलं. फ्रान्समधल्या एका जुन्या अभ्यासात पुडी फोडल्यावर हवेतली बुरशी एक मीटर लांब सापडली होती आणि हात घासून धुतल्यावरही ती पूर्ण गेली नव्हती. माझ्या बोटांवरची ती भुकटी काय होती, ते हे वाचल्यावर कळलं. शेजारच्या कॉटवरच्या पेशंटसाठीही ही पुडी त्या खोलीत फोडू नये.

लॅक्टोबॅसिलस आणि बॅसिलस क्लॉसी या पुड्या-कुप्यांतल्या बॅक्टेरियांनीही दुबळ्या पेशंटच्या रक्तात शिरकाव केल्याच्या नोंदी आहेत. त्या विरळ आहेत, पण लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोससवर व्हॅन्कोमायसिन हे मोठं अँटिबायोटिक मुळातच चालत नाही, हे ध्यानात ठेवा. ‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार’ असं म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते.

चौथी पायरी: ताप. बाकी काही विसरलात तरी हे विसरू नका

घरात डिजिटल थर्मामीटर हवा, तो फक्त पेशंटचा. काखेतलं माप थोडं कमी येतं. तोंड आलेलं नसेल तर जिभेखाली मोजा. गुदद्वारातून ताप मोजणं, एनिमा, तिथून घालायच्या गोळ्या, सगळं वर्ज्य. नाजूक अस्तराला तिथे इजा झाली की जंतूंना वाट मिळते.

पारा १००.४ ला पोचला की फोन करायचा आणि निघायचं. मग रात्रीचे दोन वाजलेले असोत. पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत वाट बघायची नाही. गोळीने ताप झाकला जातो, जंतू वाढतच राहतात. काउंट नसताना पू होत नाही, सूज येत नाही, खोकल्याला कफ सुटत नाही, कारण हे सगळं करणाऱ्या पेशीच नसतात. ताप ही अनेकदा एकच खूण असते. कधी तीही नसते: नुसती थंडी वाजून हुडहुडी भरते, पेशंट गळून जातो, बरळतो. तेव्हाही निघायचं.

कॅज्युअल्टीत गेल्यावर पहिलं वाक्य हे: “केमो चालू आहे, आज अमुक दिवस आहे, ताप आलाय.” साधा व्हायरल समजून बाकावर बसवून ठेवतील, म्हणून हे दारातच बोला. अशा पेशंटला तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं असा जगभरचा दंडक आहे. करमाळा, मंगळवेढा, अक्कलकोटकडच्या लोकांचा अर्धा वेळ रस्त्यातच जातो. केमो बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलात असो, सोलापुरात असो वा पुण्यात, तापाच्या रात्री जवळ कुठे जायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून फाईलच्या पहिल्या पानावर लिहा. गाडीवाल्याचा नंबर तिथेच लिहा. १०८ तर आहेच.

पाचवी पायरी: काउंट खाली असताना ताट कसं वाढायचं

सोलापुरात आधी पाण्याचं बोलावं लागतं. उजनीचं पाणी नळाला येतं ते काही दिवसांआड, मधले दिवस आपण पिंपांत आणि टाकीत साठवलेलं वापरतो. साठवलेल्या पाण्यात हात बुडाला की ते दूषित झालं समजा. पेशंटचं पिण्याचं पाणी वेगळं: खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळू द्यायचं, झाकून गार करायचं, तोटीच्या स्टीलच्या पिंपात भरायचं. पेला बुडवायचा नाही. चूळ भरायला आणि दात घासायलाही तेच पाणी. पिंप रोज रिकामं करून घासायचं.

दही-ताकाचा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. घरचं दही हे औषध नव्हे. त्यात कोणते जंतू किती आहेत हे कुणालाच माहीत नसतं, विरजणागणिक ते बदलतात. काही हॉस्पिटलं पाश्चराइज्ड दुधाचं ताजं दही चालू ठेवतात, काही लाल पट्ट्यात पूर्ण बंद करतात. तुमच्या हॉस्पिटलाचा नियम तोच पाळा. आम्ही असं केलं: ५०० च्या खाली दही-ताक बंद, त्याऐवजी कढी. उकळल्याने जंतू मरतात, प्रथिनं आणि चव राहते. मिरची न घालता, आलं-जिरं आणि चिमूटभर हळद घातलेली पातळ कढी जाऊबाईंच्या घशाखाली उतरायची. ५०० ते १,००० मध्ये डॉक्टर सांगतील तसं. १,००० च्या वर गेल्यावर पिशवीचं दूध उकळून, वाफाळलेल्या स्टीलच्या वाटीत, घरच्याच विरजणाने लावलेलं दही. आपल्या मे महिन्यात, बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत, ते चार तासांतच लागतं आणि रात्रीपर्यंत आंबून जातं. लागलं की फ्रिजमध्ये, त्याच दिवशी संपवायचं. शेजारणीकडून विरजण नाही, गाड्यावरचा मठ्ठा नाही, सुट्टी लस्सी नाही.

आंबील पुष्कळांच्या घरी आठवणीने करतात. ज्वारीचं पीठ रात्री आंबवून सकाळी शिजवलं की जंतू उरत नाहीत, आंबटपणा आणि पीठ उरतं, म्हणून शिजवलेली आंबील बरी. फक्त वरून कच्चं ताक ओतू नका.

कच्चा कांदा, काकडी, वरून भुरभुरलेली कोथिंबीर, उसाचा रस, बर्फाचा गोळा, पाणीपुरी बंद. परदेशात कडक ‘फक्त शिजलेलं’ आहाराची तुलना मोकळ्या पण स्वच्छ आहाराशी करून पाहिली गेली आणि काही चाचण्यांत मोकळ्या आहाराने संसर्ग वाढला नाही. तो मोकळेपणा तिथल्या नळाच्या पाण्यावर उभा आहे. आपल्याकडे भाजी कुठल्या पाण्याने धुतली हे कळेपर्यंत मी शिजलेल्याच बाजूची आहे. फळं मात्र सोडू नका. केळं, मोसंबी, आणि आपलं डाळिंब. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र असलेल्या गावात डाळिंबाला तोटा नाही. अख्खं फळ धुऊन पुसून, धुतलेल्या सुरीने घरीच फोडा. दाणे सोललेला डबा बाजारातून आणू नका. तोंड आलं असेल तेव्हा आंबट फळं थांबवा.

आता तंतूंचं. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात साधारण दहा ग्रॅम तंतू असतात. वर सांगितलेल्यांपैकी फिकॅलिबॅक्टेरियमसारख्या कामसू जंतूंचं हे खाद्य आहे. ते जंतू तंतू आंबवून ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी त्यावर जगतात. म्हणजे पुडी न देताही आतल्या जंतूंना पोसता येतं, आणि यात रक्तात काही शिरण्याची भीती नाही. मऊ, गरम भाकरी वरणात कुस्करून, मटकीची किंवा मुगाची मऊ शिजलेली उसळ, दुध्या, भोपळा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मात्र तोंड आलेलं असताना ताटात नको. जाऊबाईंनी एकदा हट्टाने तुकडा मोडला, पापुद्रा टाळूला लागला, डोळ्यांत पाणी आलं. शेंगाचटणी बरं वाटेल तेव्हाही ताजीच कुटा, खवट किंवा बुरशी धरलेल्या शेंगदाण्यांत अफ्लाटॉक्सिन हे विष असतं.

जुलाब चालू असतील तेव्हा हेच सगळं उलटं करायचं. तंतू कमी, तांदळाची पेज, मऊ भात, केळं, ओआरएस. दूध थांबवा. दिवसातून चारच्या वर पातळ शौचाला झालं की डॉक्टरांना कळवा. जुलाब बंद करायची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका. जुलाब कशाने आहेत हे आधी ठरावं लागतं.

सहावी पायरी: काउंट खरोखर कशाने वाढतो

मगज स्वतःच वाढवतो, आणि गरज असेल तर जी-सीएसएफचं इंजेक्शन, म्हणजे लोक ज्याला ‘काउंट वाढवायची सुई’ म्हणतात ते. केमो संपल्यावर किमान चोवीस तासांनी ते देतात. कंबर-हाडं ठणकतात, ते मगज कामाला लागल्याचं लक्षण, घाबरू नका. इंजेक्शन थंड ठेवायचं असतं. माझ्याकडून नेताना बर्फाची पिशवी मागून घ्या, आणि स्कूटरच्या डिकीत ठेवून वाटेत भाजी घेत बसू नका. गुळवेलीचा काढा, पपईच्या पानांचा रस यांनी केमोने पडलेला काउंट वर येतो असं धरून चालू नका. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आपल्याच देशातल्या आहेत, आणि केमोची औषधं त्याच यकृतातून जातात. घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

सातवी पायरी: डॉक्टर ‘घ्या’ म्हणाले, मग कसं घ्यायचं

काउंट सावरला, लाईन निघाली किंवा डॉक्टरांनी धोका तोलून होकार दिला, तर काही प्रसंगी उपयोग आहे. कॅन्सर उपचारांतला त्रास कमी कसा करायचा यावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने ओटीपोटाला रेडिएशन, किंवा रेडिएशनसोबत केमो, घेणाऱ्यांत जुलाब टाळायला लॅक्टोबॅसिलस सुचवलं आहे. अशा वेळी डॉक्टरांना कोणता वाण, किती, किती दिवस हे लिहूनच मागा.

पाकिटावर तीन नावं शोधा: वंश, जात आणि शेवटी वाणाचा क्रमांक. नुसतं ‘लॅक्टोबॅसिलस’ लिहिलेलं पाकीट परत करा. सीएफयूचा, म्हणजे जिवंत जंतूंचा आकडा तयार करतानाचा आहे की मुदत संपेपर्यंतचा, तेही बघा. फ्रिजचं लिहिलं असेल तर फ्रिजच. बॅसिलस क्लॉसीचे बीजाणू उष्णता सोसतात, लॅक्टोबॅसिलस सोसत नाही. आमच्याकडच्या उन्हात दुपारभर बाहेर राहिलेल्या खोक्यातले जंतू मेलेले असू शकतात. पुडी पेशंटच्या खोलीबाहेर, पंख्यापासून दूर फोडा, हात धुऊन मग आत जा. ही पुडी आणि अँटिबायोटिक यांत दोन तासांचं अंतर ठेवा. यीस्ट असेल तर बुरशी मारणाऱ्या गोळ्यांबरोबर ते फुकट जातं. एका वेळी एकच उत्पादन. वहीत तारीख, शौचाच्या वेळा, ताप लिहा. ताप आला की त्याच क्षणी बंद, आणि चौथी पायरी.

अँटिबायोटिक संपलं म्हणून आपोआप पुडी सुरू करायची सवय मी स्वतः सोडली. इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी २०१८ साली दाखवलं की अँटिबायोटिकनंतर अनेक वाणांचं प्रोबायोटिक घेणाऱ्या निरोगी माणसांत स्वतःचे मूळ जंतू परतायला उलट जास्त वेळ लागला. बाहेरचे पाहुणे जागा अडवून बसतात. आणि ज्यांची केमो नसून इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारा उपचार, चालू आहे त्यांनी तर अजिबात स्वतःहून घेऊ नये: २०२१ साली मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या पेशंटवर झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात भरपूर तंतू खाणाऱ्यांचा आजार जास्त काळ आटोक्यात राहिला, पुड्या घेणाऱ्यांना तसा फायदा दिसला नाही, आणि उंदरांत तर पुड्यांनी उपचाराचा परिणाम कमी झाला.

शेवटच्या केमोनंतरचे महिने

शेवटची केमो झाली, न्यूट्रोफिल वर आले, की घरातले सुटकेचा श्वास टाकतात आणि नियम एका दिवसात सुटतात. न्यूट्रोफिल आठवड्यांत परततात, पण लिम्फोसाइट म्हणजे आठवण ठेवून लढणाऱ्या पेशी पूर्वपदावर यायला सहा-नऊ महिने, कधी त्याहून जास्त लागतात. जाऊबाईंची शेवटची केमो डिसेंबरात झाली आणि जानेवारीत सिद्धेश्वराचा गड्डा, म्हणजे सोलापूरची मोठी जत्रा, भरला. त्यांनी नंदीध्वज गच्चीवरून पाहिले, गर्दीत उतरल्या नाहीत.

या काळात फ्लूची आणि न्यूमोकॉकसची लस डॉक्टरांना विचारून घ्या. त्या मृत लसी आहेत. जिवंत लसी केमोत चालत नाहीत आणि नंतरही किमान तीन महिने थांबावं लागतं. घरातल्या सगळ्यांनी फ्लूची लस घेतली तर पेशंटभोवती कुंपण तयार होतं. घरात तान्हं बाळ असेल आणि त्याला पोलिओचे थेंब किंवा रोटाव्हायरसची लस दिली असेल तर त्याचे लंगोट पेशंटने काही आठवडे बदलू नयेत.

चौथ्या महिन्यात जाऊबाईंचा एएनसी २,३०० आला. डॉक्टरांनी कच्च्या कोशिंबिरीला परवानगी दिली. घरी आल्यावर त्यांनी स्वतः काकडी धुतली, उकळलेल्याच पाण्याने, आणि दह्यात कालवली.